सीपीके वाढलंय म्हणजे नक्की काय झालंय?

या वेळी सांगली-साताऱ्याकडून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं स्नायूंच्या आजारांची आणि त्यांच्या रिपोर्टची आहेत, म्हणून सगळं सदर त्यालाच देतेय. सुरुवातीलाच एक सांगते, सीपीके हे स्नायूतलं एक एन्झाइम, त्याचा रक्तातला आकडा फक्त एवढंच सांगतो की स्नायूतून काहीतरी बाहेर गळतंय. का गळतंय ते आकडा सांगत नाही, त्यासाठी आधी माणूस नीट बघावा लागतो, मग जीनची तपासणी, आणि कधी कधी स्नायूचा तुकडाच. पत्रं थोडी आवरून छापलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मागच्या वर्षी ताप आला म्हणून रक्त तपासलं तर एसजीपीटी २८० आणि एसजीओटी २४० आलं. लिव्हरला सूज आहे म्हणून औषध चालू केलं, तेल-तूप बंद केलं, परत परत तपासलं पण आकडा हलत नाही. डोळे पिवळे नाहीत, जेवतो चांगला. आता लिव्हरचा तुकडा काढू म्हणतायत आणि सासूबाई म्हणतात त्यापेक्षा कावीळ उतरवणाऱ्याकडं नेऊ. बाकी तब्येत छान आहे, पोटऱ्या तर पैलवानासारख्या आहेत, फक्त जिना चढायला कंटाळा करतो आणि खाली बसला की मांडीवर हात टेकून उठतो. काय करू? – एक आई, तासगाव

ताई, लिव्हरचा तुकडा आत्ता थांबवा आणि कावीळ उतरवणाऱ्याकडंही नेऊ नका. आधी दोनच साध्या तपासण्या करून घ्या, सीपीके आणि जीजीटी. कुठल्याही लॅबमधे होतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं.

कारण असं की एसजीपीटी आणि एसजीओटी या एन्झाइम्सना आपल्याकडं सरसकट 'लिव्हरची तपासणी' म्हणतात पण ती एन्झाइम्स स्नायूतही भरपूर असतात. स्नायू झिजायला लागला की तिथनं ती रक्तात येतात आणि रिपोर्टवर मात्र लिव्हर फंक्शन टेस्ट असंच छापलेलं असतं, मग सगळ्यांची नजर लिव्हरवरच जाते. जीजीटी हेही लिव्हरचं एन्झाइम, पण ते स्नायूतून येत नाही. बिलिरुबिन नॉर्मल, जीजीटी नॉर्मल आणि सीपीके काही हजारांत, असं आलं तर लिव्हर बिचारं बरं आहे, गळतोय तो स्नायू. सीपीके साधारण २०० युनिटच्या आसपासपर्यंत नॉर्मल धरतात (प्रत्येक लॅबचा आकडा थोडा वेगळा असतो, रिपोर्टवर बाजूला छापलेला असतो तो बघा) आणि ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजत जाणारा आनुवंशिक आजार) असलेल्या लहान मुलांत तो दहा हजारांच्या पुढं सहज जातो, वीस-तीस हजारही येतो.

मी हे नाव घेतलं ते तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून, मांडीवर हात टेकून उठणं आणि जाड पोटऱ्या. आज घरी एवढं करा. त्याला चटईवर पाय पसरून बसवा, खेळणं उंच धरा आणि उठ म्हणा, हात देऊ नका. आधी पालथा होतो का, मग हातपाय जमिनीला टेकून पार्श्वभाग वर काढतो का, आणि मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर असं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो का ते बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. याला गॉवर्स साइन म्हणतात, विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मधे हे लिहून ठेवलंय आणि अजूनही डॉक्टर हे आवर्जून बघतात. ओपीडीत पोरगं लाजून उठत नाही म्हणून व्हिडिओ फार कामाचा. पोटऱ्या मोठ्या दिसतात त्यात ताकदीचा स्नायू वाढलेला नसतो, स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत जातात.

सीपीके हजारांत आलं तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात किंवा मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडं जा आणि रक्तावर होणारी डिस्ट्रोफिन जीनची (या आजारात बिघडलेला असतो तो जीन) एमएलपीए तपासणी विचारा. ड्यूशेन असलेल्या दर १० मुलांतल्या साधारण ७ जणांचं निदान तिथंच होतं, कारण त्यांच्या जीनचा एखादा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. उरलेल्यांना जीन पूर्ण वाचावा लागतो. म्हणजे या वयाच्या मुलग्यात लिव्हरचाच काय, स्नायूचा तुकडाही सहसा लागत नाही. आणि ताई, तूप बंद करून काही होत नाही, त्याला नीट जेवू द्या. निदान लवकर झालं तर स्टिरॉइड कधी चालू करायचं हे वेळेत ठरवता येतं, त्यानं चालणं काही वर्षं लांबतं, म्हणून हे वर्ष वाया जाऊ देऊ नका.

प्रश्न: मुलगा १८ वर्षांचा, तालमीत असतो. अंग दुखतंय म्हणून सगळ्या टेस्ट केल्या त्यात सीपीके २४०० आलं. लॅबवाला म्हणाला मसलचा आजार असू शकतो. घरात रडारड चालू आहे. पोरगं तर मॅटवर दोघांना ऐकत नाही. – वडील, विट्याजवळून

दादा, आधी घरातली रडारड थांबवा. रक्त कधी दिलं होतं ते पोराला विचारा. दंड-बैठका आणि कुस्ती करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिलं असेल तर २४०० येऊ शकतं आणि त्यात आजार काहीच नसतो. नेहमीपेक्षा जास्त मेहनत झाली की स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, एन्झाइम बाहेर येतं आणि पुढचे ३-४ दिवस आकडा वरच राहतो. दंडात किंवा कमरेत घेतलेल्या इंजेक्शननं वाढतो, पडून मुका मार लागला तरी वाढतो, ईएमजीच्या (सुई टोचून स्नायूची विद्युत तपासणी) सुयांनीही थोडा वाढतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला पळून आलेल्यांचं रक्त दुसऱ्या दिवशी तपासलं तर कितीतरी जणांचे आकडे घाबरवणारे निघतील, ते सगळे आजारी नसतात.

तेव्हा आठवडा-दहा दिवस मेहनत पूर्ण बंद, इंजेक्शन नाही, आणि मग परत सीपीके. सोबत थायरॉइड बघा, थायरॉइड कमी असेल तरी सीपीके वाढतं आणि हे कारण गोळीनं बरं होणारं आहे. आकडा खाली आला तर विषय संपला. पैलवानाचा मुळातच थोडा वर असतो, स्नायू जास्त म्हणून.

पण विश्रांती घेऊनही काही हजारांतच राहिला तर मात्र 'पोरगं ताकदीचं आहे' म्हणून सोडून देऊ नका. डिस्फर्लिन नावाचं प्रथिन कमी असणारा एक आजार आहे, त्यात मुलं विशी येईपर्यंत खेळात चांगली असतात आणि मग हळूच पोटऱ्यांपासून सुरुवात होते. त्याला टाचा उचलून चवड्यांवर चालायला सांगा, दोन्ही पायांवर आणि मग एकेका पायावर. जमत नसेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. या आजाराला स्नायूची सूज समजून वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिल्याची उदाहरणं जगभर आहेत, फायदा होत नाही आणि त्रास मात्र होतो, म्हणून हे लिहितेय.

आणि एक, तालमीतली पोरं हल्ली क्रिएटिनची पावडर घेतात, त्यानं रिपोर्टमधे क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, सीपीके नाही. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. मेहनतीनंतर लघवी कोकसारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, थांबायचं नाही. ते का, खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न: मी साताऱ्यात राहतो, वय २४. लहानपणापासून अजिंक्यताऱ्यावर चढायचं म्हटलं की पहिल्या पाच-सात मिनिटांत पाय दगडासारखे होतात. मित्र आळशी म्हणतात. पण मी थोडा थांबलो, दम खाल्ला आणि सावकाश निघालो की नंतर मात्र आरामात वर जातो, हे कसं काय? मागे जिममधे एकदम वजन उचललं तेव्हा हात आखडले आणि संध्याकाळी लघवी लालसर काळी आली. सीपीके कधीही काढलं तरी १५००च्या पुढंच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पुस्तकात मॅकार्डलचा आजार जसा लिहिलेला असतो जवळजवळ तसंच तुम्ही लिहिलंय. पत्रावरून निदान करत नाहीये, पण तपासून घ्यायलाच हवं असं ठाम सांगतेय. आणि तुम्ही आळशी नव्हता हे मित्रांना सांगा.

स्नायूत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. एकदम जोर लावला की पहिली काही मिनिटं स्नायू त्याच्यावर चालतो. तो साठा फोडायला फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम लागतं, या आजारात तेच जन्मतः नसतं. म्हणजे कोठार भरलेलं आणि किल्ली नाही. मग आठ-दहा मिनिटांनी रक्तातली साखर आणि चरबी स्नायूपर्यंत पोचायला लागते आणि माणूस परत चालायला लागतो, याला डॉक्टर 'सेकंड विंड' म्हणतात, तुमचं गडावरचं 'आरामात वर जातो' ते बहुतेक हेच.

लंडनच्या ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ मधे अशाच एका पेशंटचं वर्णन केलं. निरोगी माणसानं हाताची मूठ जोरजोरात आवळली-सोडली की त्या हाताच्या रक्तात लॅक्टेट वाढतं, कारण ग्लायकोजेन फुटून तेच तयार होतं. त्या पेशंटच्या रक्तात ते वाढलंच नाही! त्या काळी हातात ना जीनची तपासणी होती ना काही, पण फक्त जे वाढायला हवं ते वाढत नाहीये एवढ्यावरून त्यांनी बरोबर जागा दाखवली, आणि कमी असलेलं एन्झाइम नेमकं कुठलं ते १९५९ मधे सापडलं. मला स्वतःला बायोकेमिस्ट्रीतली ही गोष्ट फार मोलाची वाटते, न वाढलेला आकडाही केवढं सांगून जातो.

ही मुठीची तपासणी आजही करतात, फक्त हाताचं रक्त पट्ट्यानं थांबवून करत नाहीत, त्यात स्नायूला इजा व्हायची. तुकडा काढलाच तर फॉस्फोरिलेजचा रंग चढत नाही आणि धाग्याच्या कडेला ग्लायकोजेनचे साठे दिसतात. आता बहुतेक वेळा आधी पीवायजीएम हा जीन बघतात आणि तुकडा वाचतो.

काळ्या लघवीचं कारण मायोग्लोबिन. स्नायूचा लाल रंग त्याचाच, धागे फुटले की ते किडनीतून बाहेर पडतं आणि जास्त झालं तर किडनीच बंद पाडतं. लघवीच्या पट्टीवर 'रक्त आहे' असं येतं पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसत नाहीत, ही खूण डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. निदान होईपर्यंत एकदम जोराचा व्यायाम, वजनं, अचानक पळणं बंद. सावकाश चालणं चालू ठेवा, ते उलट चांगलं. आणि चालायला सुरुवात करायच्या थोडं आधी साखरेचं पाणी घेतलं तर या आजारात सुरुवात सोपी जाते, पण निदान पक्कं झाल्यावर आणि किती घ्यायचं ते विचारून, नाहीतर नुसतं वजन वाढेल.

प्रश्न: माझी भाची ११ वर्षांची आहे, कराडजवळ असते. दोन वर्षांपासून पळता येत नाही, सीपीके ७००० आहे. जीनची मोठी तपासणी झाली, त्यात सार्कोग्लायकनच्या जीनमधे बदल सापडला पण पुढं 'अर्थ अनिश्चित' असं लिहिलंय. आता मांडीचा तुकडा काढायला सांगतायत. एवढी महाग जीनची तपासणी करूनही परत चिरफाड कशाला? आणि आधीच कमी ताकद, त्यात तुकडा काढला तर पाय आणखी जाणार नाही ना? – मामा

मामा, पाय जाणार नाही. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो, बऱ्याचदा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा किंवा दंडाचा. एक-दोन टाके पडतात, काही दिवस ठणकतं.

कशाला म्हणाल तर तुमच्या भाचीच्या बाबतीत तो खरंच लागतोय. जीनची तपासणी म्हणजे अक्षरं वाचणं. एखादं अक्षर बदललेलं दिसलं पण त्यानं प्रथिन बिघडतं की तसंच चांगलं बनतं हे कधी कधी नुसतं वाचून कळत नाही, म्हणून 'अर्थ अनिश्चित'. प्रथिन स्नायूत आहे की नाही हे स्नायूच दाखवू शकतो. मुलगी आहे म्हटल्यावर ड्यूशेनची शक्यता फार कमी, तो मुख्यतः मुलग्यांना होतो. सार्कोग्लायकनचा (हीही स्नायूच्या पडद्यातली प्रथिनं) आजार मुलगा-मुलगी दोघांना सारखाच होतो आणि आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. मामाच्या, आत्याच्या नात्यात लग्न झालेलं असेल तर हे जास्त घडतं. आपल्याकडं अशी लग्नं किती होतात ते तुम्हाला माहितीये, पण यात दोष कुणाला देऊ नका, फक्त डॉक्टरांना खरं सांगा.

आता तुकड्याचं पुढं काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते टाळणं थोडंफार तुमच्या हातात आहे.

शरीराचा कुठलाही तुकडा काढला की तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायची सवय सगळ्या ऑपरेशन थिएटरना असते. स्नायूचा तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमधे गेला की संपलं, त्यातली एन्झाइम्स मेली, अर्ध्याहून जास्त तपासण्या होऊच शकत नाहीत आणि पोराला परत टेबलावर घ्यावं लागतं. तुकडा ताजा पाहिजे. सलाइननं ओलसर केलेल्या गॉझमधे गुंडाळायचा, ओलसर म्हणजे पिळून काढलेलं, सलाइनमधे तरंगत ठेवलेला नाही. मग झाकणबंद डबीत, डबी बर्फात, तुकडा थेट बर्फाला लागू द्यायचा नाही, आणि काही तासांत लॅबला. तिथं आयसोपेंटेन नावाचं द्रव, लिक्विड नायट्रोजननं उणे १६० अंशांच्या आसपास गार केलेलं, त्यात तो काही सेकंदांत गोठवतात. एवढी घाई का? सावकाश गोठला तर आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि मायक्रोस्कोपखाली सगळ्या धाग्यांना भोकं पडलेली दिसतात. नंतर गोठलेल्या तुकड्याचे ८ ते १० मायक्रॉनचे काप काढतात.

मग एकेक काप वेगवेगळ्या रंगात. साध्या रंगात धाग्यांचं जंगल दिसतं, निरोगी स्नायूत धागे एकमेकांना चिकटून, कोपरे असलेले, साधारण एकाच मापाचे, आणि आजारी स्नायूत काही सुजून गोल झालेले, काही बारीक, काही मरत असलेले, काही नव्यानं उगवणारे, आणि मधल्या जागेत चरबी शिरलेली. गोमोरीच्या रंगात मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) आजार असेल तर धाग्याच्या कडा लालभडक फाटक्या दिसतात. मायटोकॉन्ड्रियासाठी कॉक्स आणि एसडीएच ही दोन एन्झाइम्स एकाच कापावर बघतात, कॉक्स संपलेलं आणि एसडीएच शिल्लक असलेला धागा तपकिरीच्या गर्दीत निळा उठून दिसतो. ग्लायकोजेनला एक रंग, चरबीला दुसरा.

आणि तुमच्या भाचीसाठी महत्त्वाचं ते यापुढं, अँटिबॉडी लावून प्रथिनं शोधणं. निरोगी स्नायूत डिस्ट्रोफिन लावलं की प्रत्येक धाग्याभोवती स्वच्छ कड दिसते. ड्यूशेनमधे कड नाहीच, एखाददुसरा धागा सोडला तर सगळं कोरं. याच आजाराच्या बेकर नावाच्या सौम्य प्रकारात पुसट, तुटक. सार्कोग्लायकन चार असतात, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, ती पडद्यात एकत्र बसलेली असतात आणि एक बिघडलं की बाकीचीही बऱ्याचदा गायब होतात किंवा पुसट होतात. म्हणून एकटा तुकडा 'कुठलं' ते दर वेळी सांगत नाही आणि एकटा जीन 'खरंच का' ते सांगत नाही, दोन्ही शेजारी ठेवले की उत्तर मिळतं. कापच खराब नाही ना हे बघायला स्पेक्ट्रिन नावाचं तिसरंच प्रथिन लावतात. तेही दिसलं नाही तर 'डिस्ट्रोफिन नाही' या वाक्याला काही अर्थ राहत नाही. रिपोर्टवर स्पेक्ट्रिनचा उल्लेख आहे का ते जरूर बघा.

म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, तुकडा कुठं जाणार, ताजा जाणार ना, त्या लॅबला सांगून ठेवलंय ना. शक्य असेल तर जिथं गोठवायची आणि वाचायची सोय त्याच हॉस्पिटलमधे तुकडा काढलेला उत्तम. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळुरूला पोचता येतं आणि तिथल्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या सरकारी संस्थेत स्नायूंचं हे काम वर्षानुवर्षं चालतं, मुंबई-पुण्यातही मोठ्या ठिकाणी होतं. ज्या स्नायूत अलीकडं ईएमजीची सुई गेली तो घेऊ नये, आणि पार सुकलेलाही नको, त्यात नुसती चरबी मिळते.

शेवटचं आणि हे कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा: भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्नायूच्या आजाराची शंका आहे हे आधी सांगायचं. सक्सिनिलकोलिन नावाचं औषध आणि भुलीचे काही वायू या मुलांना धोक्याचे असतात, पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. दुसरे सुरक्षित पर्याय आहेत, फक्त माहिती हवी. दात काढायचा असला तरी हे सांगायचं.

प्रश्न: मुलाला ड्यूशेन आहे, वय १३. सहाव्या वर्षी सीपीके १८,००० होतं, आता ४,००० आलंय. गेली तीन वर्षं एका ठिकाणची पूड चालू आहे, ते म्हणतात बघा आकडाच सांगतोय गुण येतोय. चालणं मात्र गेल्या वर्षी बंद झालं. आता स्टेम सेल करा म्हणतायत, जमीन विकावी का? – वडील, जत तालुका

दादा, जमीन विकू नका. हे उत्तर वाचायला जड जाईल पण तुम्हाला खरं सांगितलंच पाहिजे.

डिस्ट्रोफिन हे धाग्याच्या पडद्याला आतून धरून ठेवणारं प्रथिन आहे. ते नसलं की प्रत्येक आकुंचनाला पडदा थोडा थोडा फाटतो आणि आतलं एन्झाइम बाहेर येतं, हळदीच्या गोणीची शिवण उसवल्यासारखं. गोणी भरलेली असते तोवर भरपूर सांडतं, रिकामी होत आली की सांडणं आपोआप कमी होतं. सीपीके १८,००० वरून ४,००० झालं ते स्नायूच कमी उरला म्हणून, आणि मूल चालायचं थांबलं की हालचाल कमी म्हणून आणखी उतरतं. औषध दिलं न दिलं तरी या आजारात वयाबरोबर आकडा असाच खाली येतो. सीपीके या आजारात वाढतं हे जपानच्या सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी १९५९ मधे दाखवलं, डिस्ट्रोफिन सापडलं ते १९८७ मधे, म्हणजे आकडा आधी माहीत होता आणि कारण फार उशिरा कळलं. निदानाला आकडा उत्तम आहे. गुण आला की नाही हे मोजायला तो चालत नाही आणि जो त्यावरून गुण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुडीत काय आहे हेही लिहून मागा, अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं आणि तसं असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करा.

स्टेम सेलबद्दल आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) २०१७ ची नियमावली स्पष्ट आहे, रक्ताचे काही आजार सोडले तर बाकी कशासाठीही हा मान्य उपचार नाही, मान्यता घेतलेल्या अभ्यासातच करता येतो आणि तिथं पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले म्हणजे तो अभ्यास नाही.

तुमच्या मुलाचं आता खरोखर मोजायचं ते हृदय आणि श्वास. दर वर्षी टू-डी इको आणि फुंकायची तपासणी. हृदयाचं औषध साधारण दहाव्या वर्षापर्यंत, इको नॉर्मल असला तरी, चालू करायचं असं सांगतात, चालू नसेल तर या महिन्यात विचारा. किडनीसाठी नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ते स्नायूतूनच तयार होतं आणि या मुलांत स्नायू कमी म्हणून किडनी बिघडली तरी आकडा छान दिसतो, सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करून घ्या. छातीत दुखलं आणि ट्रोपोनिन टी (हृदयाला इजा झाली का ते बघणारी रक्ततपासणी) वाढलेलं आलं तर ट्रोपोनिन आय पण करायला सांगा, टी आजारी स्नायूतूनही येऊ शकतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढा. आणि शाळा सोडू देऊ नका, वर्ग तळमजल्यावर मागा.

प्रश्न: माझ्या भावाला ड्यूशेन आहे, १९ वर्षांचा आहे. मी आठ आठवड्यांची गरोदर आहे. मी माझं सीपीके करून घेतलं, नॉर्मल आलं. म्हणजे बाळाला धोका नाही ना? – सांगली

ताई, नॉर्मल सीपीकेवर अजिबात विसंबू नका. हा बदल वाहून नेणाऱ्या कितीतरी बायकांचं सीपीके पूर्ण नॉर्मल असतं, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला तर ते आणखी खाली जातं. या आठवड्यातच जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडं जा आणि भावाचा जीनचा रिपोर्ट सोबत न्या. त्याची तपासणी झालीच नसेल तर त्याचंच रक्त आधी, कारण काय शोधायचं ते त्याच्याकडून कळतं, मग तुमच्यात तेवढंच बघायला वेळ लागत नाही. आई वाहक असेल तर तुम्ही असण्याची शक्यता निम्मी. साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानंच झालेला असतो, तेव्हा आधीच धरून बसू नका.

तुमच्यात सापडला तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन बाळाची तपासणी होते, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल. लिंगनिदानाच्या कायद्याची भीती बाळगू नका, लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला तो कायदाच परवानगी देतो. पुढचा निर्णय तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा, त्यात सासरच्या कुणी दबाव आणला तर समुपदेशकाला स्पष्ट सांगा. आणि वाहक निघालात तर बाळाचं काहीही असो, तुमचा स्वतःचा इको करून घ्या, वाहक बायकांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न: वय ५८, स्टेंट आहे, कोलेस्टेरॉलची गोळी घेतो. मांड्या दुखतात, सीपीके ४६० आलं. गोळी बंद केली तर चालेल का? – सातारा

काका, स्वतःहून नाही. ४६० म्हणजे नॉर्मलच्या दुप्पट-अडीचपट, एवढ्यावर स्टेंटवाल्याची स्टॅटिन (हीच कोलेस्टेरॉलची गोळी) बंद करणं जास्त धोक्याचं. डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासा, अलीकडं क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतं का ते सांगा, त्यानं काही स्टॅटिन रक्तात साठतात. डोस कमी करून किंवा दुसरी स्टॅटिन देऊन बहुतेकांचं भागतं. आकडा नॉर्मलच्या दहापट गेला किंवा लघवी काळी झाली तर लगेच दवाखाना. आणि डॉक्टरांनी गोळी थांबवल्यावरही दोन-तीन महिन्यांनी खुर्चीतून उठायला जोर लागतच असेल आणि सीपीके हजारांत असेल तर एचएमजीसीआर अँटिबॉडीची तपासणी विचारा, तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळं औषध आहे.